सहाव्या खांबाचा हिरवा ठिपका

आमच्या पुलाला आठ खांब आहेत. त्यातले सात धोक्यात आहेत आणि एकटा सहावा ठणठणीत आहे, असं एका सोमवारी दुपारी भिंतीवरच्या नव्याकोऱ्या पडद्याने जाहीर केलं. सात लाल ठिपके, एक हिरवा. केबिनमधल्या सगळ्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, कारण पुलाची तपासनीस मी. गेली नऊ वर्षं मी या पुलाच्या पोटाखाली ट्रॉलीत बसून काम करते. डोक्यावरून ट्रक गेला की मान आपोआप खांद्यात जाते. आता घरी वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी जाते.

लोकांना वाटतं, पूल म्हणजे एकदा बांधला की गप्प उभा राहणारा प्रकार. तो गप्प बिप्प काही नसतो. उन्हात लांबतो, थंडीत आखडतो. त्याला हे अंग सैलावता यावं म्हणून प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पोलादी प्लेटांची एक जोडी बसवलेली असते. वरचा रस्ता तिच्यावर सरकतो. तिला बेअरिंग म्हणतात. शेजारी एक फट सोडलेली असते. ऊन वाढलं की फट अरुंद होते, थंडी पडली की रुंद होते. ही फट पोलादी पट्टीने मोजायची आणि वहीत लिहायची, याचा मला पगार मिळतो.

माझ्याआधी एकतीस वर्षं हाच पगार माझ्या बाबांना मिळायचा. ऑफिसात त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे मिलिमीटर. आईने भिंतीवर घड्याळ लावलं की हा माणूस स्टुलावर चढून पट्टी धरायचा आणि म्हणायचा, "दोन मिलिमीटर डावीकडे आहे." आई म्हणायची, "वेळ बरोबर दाखवतंय ना, मग झालं." बाबांचं त्याने कधीच झालं नाही. मी त्यांच्याच हाताखाली पट्टी धरायला शिकले, आणि लहानपणापासून मला एकच माहीत होतं की जगात बाकी कुणीही चुकेल, बाबांचा आकडा चुकणार नाही.

तर पडदा. आमच्या पुलावर सेन्सर बसवायचं ठरलं तेव्हा ऑफिसात उत्साहाला उधाण आलं होतं. आता कुणाला पुलाखाली लटकायला नको, पूल स्वतःच आपली तब्येत कळवेल, वगैरे. सेन्सर बसवणाऱ्या कंपनीने एक मुलगी पाठवली. वय सव्वीस, लॅपटॉपवर वेगवेगळ्या मांजरांची चित्रं चिकटवलेली, हुशार आणि चहा अजिबात न पिणारी. आम्ही सगळे तिला सेन्सरवालीच म्हणायचो. तिचे लोक आले, होडीतून आणि शिड्यांवरून आठ खांबांवर आठ डब्या चिकटवून गेले. बेअरिंग किती सरकतं ते डबी पाठवणार. फक्त सरकणं. फट मुळात किती रुंद आहे, हे डबीला कळत नाही.

"नॉर्मल म्हणजे काय, हे यंत्राला आधी शिकवावं लागतं," सेन्सरवाली म्हणाली होती. "तुमच्याकडे जुने आकडे आहेत?"

आहेत म्हणजे काय! आम्ही वीस वर्षांच्या वह्या काढून दिल्या. ती तीन दिवस शिंकत होती. वह्या बघून मात्र खूश झाली, कारण इतके सुबक, इतके एकसारखे आकडे तिने म्हणे कुठे पाहिलेच नव्हते. ते एकसारखे असणारच होते. बाबांचा दंडक होता की तपासणी दरवर्षी थंडीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठ वाजता, ऊन चढायच्या आत करायची, म्हणजे यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघता येतो. नियम चांगलाच होता. फक्त त्या वह्यांवर पोसलेल्या यंत्राने उन्हाळा नावाची गोष्ट कधी पाहिलीच नव्हती. त्याच्या दृष्टीने जगात कायम थंडीतले सकाळचे आठ वाजलेले होते आणि पूल जागचा हलत नव्हता. मग ऊन तापलं, सात खांबांवरचा रस्ता रीतसर सरकायला लागला, आणि यंत्राच्या पोटात गोळा आला.

"साहेब, हा बिघाड नाही," मी मोठ्या साहेबांना म्हणाले. "ऊन वाढलंय, पूल लांबतोय. सरकतोय म्हणजेच तब्येत चांगली आहे."

मोठे साहेब आमच्याकडे उद्यान विभागातून बदलून आले होते. तिथे बाक हलायला लागला की तक्रार येते, मग माणूस पाठवून तो पक्का करतात. साहेबांनी आयुष्यभर हेच केलं होतं आणि चांगलं केलं होतं. त्यांनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "बरं. मग सहावा का सरकत नाही?"

मी हातातली वही मिटली.

कारण सहावा खांब मी नऊ वर्षांत एकदाही जवळून पाहिलेला नव्हता. बाकीचे खांब काठावर, वाळूत, फार तर गुडघाभर पाण्यात. सहावा भर नदीत, खोल पाण्यात. ट्रॉलीचा रूळ पाचव्याशी संपतो; सातवा-आठवा मी पलीकडच्या काठावरून शिडी लावून बघते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बाबांना विचारलं होतं, सहाव्याचं काय करू? ते तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाले, "सहाव्याला काय धाड भरलीय? अडतीस लिही." मी अडतीस मिलिमीटर लिहिलं. दुसऱ्या वर्षी 'वरीलप्रमाणे' लिहिलं. पुढे तर हात आपोआपच लिहायचा. इतर सात खांबांसाठी मी डोळ्यांत तेल घालून काम करायची आणि सहाव्याच्या ओळीला येईपर्यंत चहाची वेळ झालेली असायची. मला यात काही गैर वाटलं नाही, कारण मूळ आकडा बाबांचा होता.

आता उन्हाळ्यात जे बेअरिंग सरकत नाही, ते मेलेलं असतं. हे मला त्या केबिनमध्ये, त्याच क्षणी कळलं. पण ते बोलायचं म्हणजे पुढचा प्रश्न यायचा: मग नऊ वर्षं वहीत काय लिहीत होतात, बाई?

मी गप्प बसले. साहेबांनी त्या गप्प बसण्याचा त्यांना सोयीचा अर्थ लावला.

"मला तांत्रिक काही कळत नाही," ते म्हणाले, आणि हे ते नेहमी छाती पुढे काढून सांगत. "पण सात सरकतात आणि एक सरकत नाही. मग ज्या एकाचं बरं चाललंय, त्याच्यासारखे बाकीचे करू या. वेल्डरला बोलवा. सातही बेअरिंगना अडसर-प्लेटा मारून टाका. गुरुवारपासून काम सुरू."

"साहेब, असं केलं तर रस्ता खांबांनाच ढकलेल. खांब फुटतील."

"मग सहावा का नाही फुटला?" ते म्हणाले. "कारण लेखी द्या. मी लगेच काम थांबवतो."

लेखी! मी कागद घेऊन जागेवर जाऊन बसले आणि पेनाचं टोपण उघडझाक करत पाच वाजवले.

मंगळवारी दुपारी मी आणि सेन्सरवाली होडीने सहाव्याकडे गेलो. होडीवाला म्हातारा होता आणि फुकटात सल्ले देत होता. सेन्सरवालीने लॅपटॉप पोटाशी धरला होता.

"ताई, सहाव्याचा आलेख किती सुंदर आहे माहितीये?" ती म्हणाली. "सरळ रेघ. आमच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवला मी."

"सरळ रेघ हॉस्पिटलात दिसली तर काय करतात?"

ती हुशार होती, तिने लॅपटॉप उघडून ती रेघ पुन्हा पाहिली.

खांबाखाली पोचलो आणि मी मान वर केली. डबी नवी, पांढरी, लखलखीत. तिच्या शेजारी दोन प्लेटा होत्या म्हणे. मला दोन दिसल्याच नाहीत. गंजाने त्यांचा एकच लाल गठ्ठा केला होता. खांबाच्या माथ्यावरून एक तडा निघून तिरका खाली आला होता आणि त्याच्या कडेला गंजाचे ओघळ होते. होडीतून फटीपर्यंत हात पोचत नव्हता, पट्टी लावता येत नव्हती. मोबाइलवर जवळ ओढून फोटो काढले. वरून एक बस गेली आणि तड्यातून थोडी भुकटी आमच्या होडीत पडली.

"पेन्सिल सहज जाईल," होडीवाला तड्याकडे बघत म्हणाला. "चार-पाच वर्षं झाली की. मी म्हटलं, साहेब लोकांना माहीत असेलच."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. माझा मोठा भाऊ त्याच पुलावरून रोज कामाला जातो. त्याच बसने.

"म्हणजे यंत्र खरंच बोलत होतं," सेन्सरवाली हळूच म्हणाली. "काहीच हलत नाही, असं ते रोज सांगत होतं. आपणच त्याला सांगितलं होतं, की हेच चांगलं."

"आपण नाही. मी," मी म्हणाले.

संध्याकाळी मी बाबांकडे गेले. ते खिडकीची कडी कानशीने घासत बसले होते. खरं तर तो दिवस त्यांच्या आनंदाचा होता. बुधवारी नव्या कंट्रोल रूमचं उद्घाटन होतं आणि दारावर बाबांच्या नावाची पितळी पाटी लागणार होती. वीस वर्षं इतके शिस्तीत आकडे ठेवणारा माणूस म्हणून सेन्सरवालीच्या कंपनीनेच ते सुचवलं होतं. शर्ट इस्त्री करून हँगरला लटकत होता.

"बाबा, सहावा तुम्ही शेवटचा कधी मोजला?"

कानस थांबली. "कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

"एकतीस वर्षं मी त्या पुलाखाली होतो. अडतीस म्हणजे अडतीस. कालच्या पोरीने मला शिकवायचं नाही."

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोटो पाहिला. दोन बोटांनी मोठा केला, तड्यावरून बोट शेवटपर्यंत नेलं, परत वर आणलं. मग त्यांनी फोन खिडकीत ठेवला.

"तुझा फोन बदल," ते म्हणाले. "रंग बरोबर दाखवत नाही." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती कधीच मध्ये पडत नाही, फक्त भांडी जरा जोरात ठेवते.

"सहाव्याचं नाव काढलंस होय," ती म्हणाली. "एकदा भर दुपारी हे चिंब भिजून घरी आले होते. बुटांत पाणी. विचारलं तर म्हणाले, ऑफिसातला नळ फुटला. मी म्हटलं असेल. नळ फुटला म्हणून माणूस आठ दिवस झोपेत दचकतो का, सांग मला."

"कधीची गोष्ट?"

"झाली की वीस वर्षं. तेव्हापासून हे नदीकाठी फिरायलाही येत नाहीत."

बाबांना पोहता येत नाही हे मला माहीत होतं. ते घाबरतात, हे मला माहीत नव्हतं. ट्रॉलीचा रूळ पाचव्याशी संपतो हेही मला माहीत होतं, पण तो कुणी आणि का संपवला असेल, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. मला भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी त्या बंद दारावर थाप मारून त्यांना जवळ घ्यावंसं वाटत होतं. दोन्ही केलं नाही. घरी येऊन मी लेखी कारण लिहिलं: सहाव्या खांबाचं बेअरिंग गंजून जाम झालं आहे, आणि मागची नऊ वर्षं मी तो खांब न बघता आकडा लिहिला आहे. नऊ. त्याच्या मागे जायचं नाही, असं मी ठरवलं. माझी नोकरी गेली तर गेली, पण बाबांची पाटी लागू दे.

बुधवारी कंट्रोल रूममध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पाटीवर निळं कापड होतं. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, माझ्याकडे न बघता बसले होते. वेल्डरही आला होता, दुसऱ्या दिवशीची जागा बघायला. साहेब भाषणाला उठायच्या आत मी कागद आणि फोटो त्यांच्या हातात दिले. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे नऊ वर्षं तुम्ही खोटं लिहिलंत?"

"हो, साहेब."

खोटं बोलल्याचं भर सभेत कबूल करण्यात एक गंमत असते. सगळे आपल्याकडे बघतात आणि कुणालाच पुढे काय म्हणायचं ते सुचत नाही. साहेबांना मात्र सुचलं.

"आणि त्याआधी?"

"त्याआधी बरोबर होतं," मी म्हणाले.

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनी वही मागवली. बोट फिरवत ते म्हणाले, "हे बघा. तुमच्या वडिलांच्या काळात अडतीस. पडदा म्हणतो, जागचा हललेला नाही. म्हणजे आजही अडतीसच असणार. तुमची नऊ वर्षं बाद केली तरी उत्तर तेच येतं की! गंजाचं काय, माझ्या घराच्या गेटलाही गंज आहे. गेट पडलं का? तुमच्यावर कारवाई होईल ती होईल. पण काम उद्या ठरल्याप्रमाणे सुरू."

बाबांना वाचवायला मी जे खोटं बोलले होते, त्याच्याच जोरावर हा माणूस उद्या सात खांबांचा गळा आवळणार होता. आता खरं सांगायचं म्हणजे बाबांकडे बोट दाखवायचं, त्यांच्या नावाच्या पाटीसमोर. माझ्या हातून ते होईना. खरंच होईना. सेन्सरवाली माझ्याकडे बघत होती, वेल्डर साहेबांकडे बघत होता.

"माझीही बाद करा."

बाबा उभे राहिले होते. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती.

"तुमची कशी बाद करू?" साहेब म्हणाले. "तुमच्यामुळेच तर आपण..."

"नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी सहाव्याखाली गेलो नाही," बाबा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, वहीतला आकडा वाचून दाखवावा तसा. "वीस वर्षांपूर्वी तिथे ट्रॉली कलंडली. मी नदीत पडलो. होडीवाल्याने कॉलरला धरून वर काढलं. तो तेव्हापासून कुणाजवळ बोलला नाही, त्याला मीच सांगितलं होतं. त्यानंतर मला तिथे जायची हिंमत झाली नाही. रूळ धोकादायक आहे असं लिहून मीच तो पाचव्याशी कापून घेतला. आणि अडतीस लिहीत राहिलो. या पोरीलाही मीच सांगितलं, अडतीस लिही म्हणून. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक. तुमच्या यंत्राला दिलेली सहाव्याची वीसच्या वीस वर्षं खोटी आहेत."

साहेब हातातल्या वहीकडे बघत राहिले, जणू काही ती आता चावणार होती.

"काका," वेल्डर मागून म्हणाला, "म्हणजे मी उद्या येऊ की नको?"

"ये," बाबा म्हणाले. "पण प्लेटा आणू नकोस. परांची आण."

साहेबांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांना तांत्रिक कळत नव्हतं, पण माणूस कधी खरं बोलतो ते कळत होतं. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून पुलावरची जड वाहनं आणि बस बंद करवल्या, वेल्डिंगचा आदेश फाडला आणि मला कारणे दाखवा नोटीस दिली. नोटिशीत तीन चुका होत्या, त्या मी दुरुस्त करून सही केली. पाटीवरचं निळं कापड तसंच राहिलं. संध्याकाळी शिपाई पाटी उतरवून कपाटात ठेवून आला. बाबांनी तिच्याबद्दल विचारलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा नदीवर होतो. जॅक लावून रस्ता उचलायचा आणि बेअरिंग बदलायचं असं ठरलं होतं, पण त्याआधी बेअरिंग नेमकं कुठे येऊन अडकलंय हे मोजायला हवं होतं. शेवटची खरी तपासणी बाबांनी केली होती आणि तेव्हा त्यांनी प्लेटेवर छिन्नीने एक खूण कोरली होती. ती गंजाखाली कुठे आहे, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. मी त्यांना म्हटलं होतं, कागदावर काढून द्या, मी शोधते. ते म्हणाले, "कागदावर काढून दिलेलं पुरे झालं."

वेल्डरच्या माणसांनी तराफा खांबाला बांधून त्यावर परांची उभी केली होती. बाबांनी केशरी लाइफ जॅकेट घातलं होतं, त्यावर स्वतःचा एक पट्टा, आणि त्यावर आईने आणखी एक दोरी बांधून दिली होती. काठावरून तराफ्यावर यायला होडीने तीन मिनिटं लागली. ती तीन मिनिटं त्यांचे डोळे बंद होते आणि माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं. नखं रुतली तरी मी हात हलवला नाही. म्हातारा होडीवाला वल्हवत होता. तो बाबांना म्हणाला, "या वेळी कॉलर नाही धरत हं मी, शर्ट नवा दिसतोय." बाबा डोळे बंद ठेवूनच हसले. हसले कसले, दात ओठांवर दाबले.

परांचीच्या नऊ पायऱ्या त्यांनी एकेक मोजून चढल्या. वर पोचल्यावर खाली पाण्याकडे बघितलं नाही. तारेचा ब्रश घेतला आणि डाव्या कोपऱ्यात गंज खरवडायला सुरुवात केली. पाच मिनिटांत खूण निघाली. बारीक, सरळ, त्यांच्या हाताची. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी पट्टी लावली, चष्मा कपाळावर सरकवला, डोळा अगदी जवळ नेला.

"एकवीस," ते म्हणाले.

मी वही उघडली आणि सहाव्या ओळीवर पेन टेकवलं.

"अगं थांब!" ते ओरडले. इतक्या जोरात, की खाली वेल्डर दचकला. "मी म्हटलं म्हणून लिहितेस? स्वतः बघ!"

त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि कठड्याला धरून बाजूला झाले. मला जागा करून देण्यासाठी त्यांना पाण्याच्या बाजूला जावं लागलं, आणि ते गेले. मी वाकले. पट्टी फटीत घातली, टोक खुणेला टेकवलं, श्वास रोखून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"बावीस आहे, बाबा."

"एकवीस."

"बावीस. तुमचा चष्मा कपाळावर आहे."

त्यांनी कपाळाला हात लावला. चष्मा खाली ओढला, पण पट्टी परत मागितली नाही.

मी बावीस लिहिलं.